मागची फळी

डच हार्बर, अलास्का
९ जानेवारी १९९४

रीथाताईस,

नमस्कार, वि. वि. पुढे सगळा रागच आहे.

परत तोंड उघडलंसच ना? माझे पैसे बँकेत तुझ्याकडे सोपवताना एकच मागितलं होतं, की आकडा डॅडींना कळता कामा नये. आता ते म्हणे आपली बास मासे धरायची बोट मला विकणार, आणि किंमत बेचाळीसशे डॉलर! खात्यात बरोब्बर तेवढेच आहेत. तीन हजार असते तर बोट तीन हजाराची झाली असती.

दोन हंगाम मी इथे मासे चिरतोय. दिवसाला सोळा तास, गुडघ्यापर्यंत घाण. सकाळी मूठ उघडायला गरम पाण्यात हात धरावे लागतात. हे कशासाठी, तर एप्रिलमध्ये घरी यायचं, चांगली जुनी बोट घ्यायची, शहरातल्या हौशी लोकांना बास धरायला न्यायचं आणि परत कोणाच्या शिट्टीवर उठायचं नाही. बोट फसली तर मी पुन्हा इथेच, आणखी दोन वर्षं. हे तुला कळतंय, त्यांना कळत नाही.

तू लिहितेस की ते म्हणाले, घरच्या मालाला कोणी बॅटरी लावून बघतं का. बघतं. मी बघतो. आणि विकायला जानेवारीच कसा सापडला? धरणवाल्यांनी तळ्याचं पाणी उतरवलंय, बोट उतरवायचा रस्ता चिखलात संपतो, म्हणजे पाण्यात घालून बघायची सोयच नाही. अंगणात पाण्याची नळी लावून मोटर छान गुरगुरते म्हणे. घोडा तबेल्यातसुद्धा खिंकाळतो, ताई. माणूस पाठीवर बसला की काय करतो ते बघायचं असतं.

तेव्हा तू जा. न सांगता जा. गेल्या गेल्या, रामराम करायच्याही आधी, मोटरीच्या टोपणावर हात ठेव. गरम असेल तर त्यांनी आधीच चालू करून ठेवलीय, कारण गार असताना ती उठत नाही. हर्शलच्या गॅरेजातून कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब मोजायचा, गेज आण आणि सहाही सिलिंडर मोज. आकडे थोडे कमी असले तर चालतील, पण सगळे जवळजवळ हवेत. एकच फार खाली असेल तर ती मोटर मेली समज. मग पंख्याजवळचा खालचा स्क्रू थोडा सैल कर. तेल काळसर आलं तर ठीक. दुधाच्या कॉफीसारखं आलं तर आत पाणी शिरलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाची मागची फळी, जिच्यावर मोटर लटकते ती. मोटरीचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलव आणि फळीकडे बघ. फळी हलली तर आतलं लाकूड कुजलंय. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. ठणठणीत वाजलं पाहिजे, ओल्या पोत्यासारखं नाही. बाकी गालिचा, खुर्च्या, चमचमता रंग यांकडे बघूसुद्धा नकोस. लोक तेच बघून फसतात.

त्यांना सांग, परका समजून विका.

राग निवळेपर्यंत लोभ असावा, नंतर आहेच.
लोनी

•

डॅन्ड्रिज, टेनेसी
२४ जानेवारी

चि. लोनीस,

अनेक आशीर्वाद आणि एक कानफटात. दोन्ही पोचल्याचं कळव.

आकडा मी सांगितला नाही. बँकेची चिठ्ठी माझ्या गाडीत राहिली होती, आणि डॅडींना चष्म्याशिवाय काही दिसत नसलं तरी आकडे दिसतात. उठसूट माझ्यावर ओरडत जाऊ नकोस. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरं ओरडतात, तेवढं मला पुरतं.

शनिवारी सकाळी गेले. डॅडी ओसरीवर कॉफी घेऊन बसले होते. मी सरळ जाऊन टोपणावर हात ठेवला. गरम! त्यांनी तिथूनच विचारलं की ताप किती आहे, डॉक्टरीणबाई? मी म्हटलं, आजारी माणसानं डॉक्टर यायच्या आधी अंघोळ का केली ते सांगा. थंडीत रोज थोडी चालवावी लागते म्हणाले. मान मात्र दुसरीकडे.

मग मी गेज काढला. आईनं खिडकीतून हाक मारली की आधी बिस्किटं खा, मग बापाची अब्रू काढ. पाच सिलिंडर एकशे दहाच्या आसपास, सहावा एकशे चार. डॅडी उठून उभे राहिले, आणि त्या पोराला हे आकडे मोठ्या अक्षरांत लिही म्हणाले. लिहिले आहेत, बघ. मोटरीत जीव आहे.

पण खालचं तेल कॉफीसारखंच आलं. ते म्हणाले, दोन डॉलरचं रबर बदललं की झालं, एवढ्यासाठी पोरगी बापाच्या अंगणात पोलिसासारखी येते का? तुझं नाव घेऊन आणखी बरंच बोलले, ते मी लिहीत नाही, पोस्टमन चर्चमधला आहे.

मग फळी. मोटरीचं टोक धरलं आणि उचललं. लोनी, फळी श्वास घेतल्यासारखी पुढे आली आणि मागे गेली. वरच्या कडेला चीर होती ती उघडली, आत नाणं गेलं असतं. उजव्या बाजूला ठोकलं तर भद्द आवाज. मी वळून बघितलं. डॅडी माझ्या मागे येऊन उभे होते. मला वाटलं आता बरसतील. त्यांनी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, उजव्या खालच्या बोल्टाजवळ टोक दाबलं. ते लोण्यात जावं तसं मुठीपर्यंत गेलं, आणि तपकिरी पाणी वाहिलं. डॅडी वळून घरात गेले.

मी तुझे पैसे काढणार नाही. पण तुला आता बरं वाटत असेल तर मला तसं कळवू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
रीथा

•

डॅन्ड्रिज
२ फेब्रुवारी

लोनी,

बापाचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी.

मंगळवारी मॉरिसटाउनचा एक माणूस आला. अडतीसशे रोख, खिशात. त्यानं गालिचा बघितला, खुर्चीत बसून दोनदा उड्या मारल्या आणि नोटा मोजायला घेतल्या. मी त्याला मागे नेऊन फळी दाखवली. तो गेला. तुझ्या पत्राआधी आला असता तर बोट विकली गेली असती आणि मला गाढ झोप लागली असती. ती तू घालवलीस.

मला ठाऊक नव्हतं. बघितलं नव्हतं म्हणून ठाऊक नव्हतं, हेही लिहितो, म्हणजे तुला लिहायचे कष्ट नकोत. सप्टेंबरात तुझ्या आईला पुढे बसवून मी तळ्यातून साठच्या वेगानं आलो. ती हसत होती.

आता तुझं ऐक. चीर उजवीकडून सुरू झाली आहे. सोळाव्या वर्षी तू बोट ट्रेलरवर घालून केंटकीला नेलीस, मोटरीखाली टेकू न लावता. दोनशे मैल ती मोटर त्या फळीवर आपटत गेली. टेकू इथे गॅरेजात खिळ्याला लटकत होता. परत आल्यावर मी विचारलं तर लावला होता म्हणालास. मी काही बोललो नाही. सहा वर्षं बोललो नाही.

बोट विकायची नाही. कुजू दे अंगणात.

तुझा बाप,
आर्विल

•

डच हार्बर
२० फेब्रुवारी

डॅडींस,

सा. नमस्कार. पत्र पोचलं, झोंबलं.

टेकू लावला नव्हता. खोटं बोललो. झालं समाधान? पण तडा माझा असला तरी पाणी कोणाचं? दर वर्षी बोल्ट काढून भोकांत गोंद भरायचा असतो, हे तुम्हीच मला शिकवलं आणि तुम्हीच सहा वर्षं केलं नाही. माझं खोटं ठाऊक असून गप्प बसलात, का तर पोरगा आपण होऊन कबूल करेल. मी कबूल केलं नाही, तुम्ही विचारलं नाही, आणि मध्ये आईला बसवलंत! हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली, त्यांत याहून वाईट होतं.

अंगणात कुजू दे म्हणता. ज्या मोटरीचे सहाही सिलिंडर शंभराच्या वर आहेत ती कुजवतं कोण? हट्टापायी का? रीथाताईनं आकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेत, मी ते बिछान्याशेजारी लावलेत, आणि इथले लोक विचारतात कोणाचा रक्तदाब आहे.

बोट मी विकत घेत नाही. बेचाळीसशेला नाही, फुकटही नाही. ती तुमचीच राहील. पैसे बँकेत राहतील, आणि फळी नीट झाली तर पहिला उन्हाळा आपण दोघं तुमच्या बोटीत गिऱ्हाईकं नेऊ. येणाऱ्या पैशातला अर्धा वाटा तुमचा. जमलं नाही तर दुसरी बोट बघीन, आणि बघताना टोपणावर आधी तुम्ही हात ठेवायचा.

मोटर उतरवून घ्या, पण एकट्यानं नाही, हर्शलचा क्रेन आणा. पंख्याजवळच्या तेलाच्या डब्यात शिरलेलं पाणी आजच काढा, गोठलं तर डबा फुटेल. जुनं लाकूड कोरायला सुरुवात करा. कोरडं, पांढरं लागेपर्यंत थांबू नका, आणि थकून मध्येच ठीक आहे म्हणू नका. नवी फळी मी आल्याशिवाय बसवायची नाही. मी बारा एप्रिलला पोचतो. राग तोपर्यंत उतरेल असं वाटत नाही, हातात काम असलं म्हणजे बरं.

मी स्वतः त्या मोटरीवर लोंबकळून बघेपर्यंत आईनं बोटीत पाय ठेवायचा नाही. तिला साष्टांग नमस्कार. ताईला सांगा की मला बरं वाटलं नाही.

लोभ कमी करू नये, बोलणं हवं तर करावं.

तुमचा,
लोनी

ता. क. बोटीला लागतं ते जाड प्लायवूड, राळ, काचेचं कापड, स्टीलचे नवे बोल्ट आणि तुमचं ते दोन डॉलरचं रबर, एवढ्यासाठी मनिऑर्डर सोबत आहे, सहाशे चाळीस डॉलर.