डोह दिराला मिळणार नाही

मी, प्यो गान्नान, कै. मेंग दु-सिक यांची विधवा, वय ७३, धंदा कुंभारकाम, राहणार दोलगोल, प्रांत गांगवॉन, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं आहे ते वयाने, भीतीने नव्हे. मला कोणी भुलवलेलं नाही, धमकावलेलं नाही. धमकावणारा एकच होता, माझा धाकटा दीर मेंग दु-पाल. या कागदाचं वाचन होईल तेव्हा तो पुढेच बसलेला असेल. वाचन संपेपर्यंत त्याला उठू देऊ नये.

कलम १. माझं राहतं घर, भट्टी, चाक, थाप्या आणि माती मळायची लाकडी काठवट दु-पालची थोरली सून हाम योंग-न्यो हिला द्यावी. दहा वर्षं ती भाजी खुडायच्या निमित्ताने येऊन माझ्याकडे चाक शिकली. तिचा सासरा तिला "ए" म्हणून हाक मारतो. तिचं नाव इथे पूर्ण लिहिलं आहे, ते मोठ्याने वाचावं.

कलम २. दु-पालच्या मागीलदारी माझ्या हातचे सात रांजण आहेत. ते वापरायला दिले होते, विकलेले नाहीत. आतलं सोयाबीनचं आंबवण त्याच्या ओसरीवर ओतून रांजण परत आणावेत. जाऊबाईंनी मला क्षमा करावी. त्या वाईट नाहीत, फक्त त्याच्या बायको आहेत.

कलम ३. डोंगरातला डोह आणि त्याभोवतीची जागा, नवऱ्याने माझ्या नावावर केलेली. दु-पाल सतरा वर्षं माझ्या मरणाची वाट बघतोय ती याच्यासाठी. मला मूल नाही, म्हणजे डोह आपसूक त्याचा, असा त्याचा हिशेब आहे. तो का चुकला हे त्याला कळावं, म्हणून झालेलं सगळं लिहिते.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून तुझं ताट या घरात नाही." मी तशीच डोंगर चढले आणि डोहात उडी टाकली. बुडत होते तोच खालून काहीतरी आलं, पाइनच्या खोडाएवढं जाड, आणि मला काठावर लोटून मोकळं झालं.

"इथे नाही," पाण्यातून चिडका आवाज आला. "मरायचं तर खाली नदीवर जा. इथे मेलीस तर गाव पुन्हा माझंच नाव घेईल."

मी खोकत विचारलं, "तू कोण?"

"ज्याला तुम्ही येता-जाता दगड मारता, तो."

शहरातल्या वकिलांसाठी लिहिते: तो इमुगी होता. इमुगी हजार वर्षं पाण्यात काढतो आणि मग ड्रॅगन होऊन आभाळात जातो. वर जाताना त्याला पाहणारं माणूस "ड्रॅगन" म्हणालं तर तो ड्रॅगन होतो. कोणी "साप" म्हणालं तर पडतो. गावात पोर बुडालं, गाय हरवली की लोक त्याच्यावर ढकलायचे. त्याने कोणाला ओढलं नाही. तो इतका भित्रा होता की बदकं उतरली की तळाशी जाऊन बसायचा.

मी घरी परत गेले. ताट मागून घेतलं. पुढे बत्तीस वर्षं मी त्याला आजोबा म्हटलं आणि तो मला पोरी. मी तांदळाची दारू न्यायची, तो तळाची माती तोंडात धरून वर आणायचा, लोण्यासारखी. तीन खोऱ्यांतली माणसं माझ्या रांजणांची वाखाणणी करायची. त्या सगळ्यांना कळवावं, की ज्याला दगड मारलेत त्याच्या तोंडची ती माती आहे.

१९६४च्या आषाढात तो म्हणाला, "पोरी, परवा पाऊस थांबला की निघतो. तू काठावर उभी राहा. शब्द तूच म्हण."

उतारावर बायका निंदणीला असायच्या. कोणी घाबरून भलतंच ओरडेल, म्हणून मी दिराकडे गेले. तो गावचा मुखिया. त्याला सगळं सांगितलं.

"वहिनी, काळजी सोडा," तो म्हणाला. "मी स्वतः उभा राहतो. एकालाही तोंड उघडू देणार नाही."

भर दुपारी आजोबा पाण्यातून निघाले. पाइनचे शेंडे ओलांडले. अंगावरून पाणी निथळत होतं आणि पोटाखाली खवले उजळायला लागले होते. मी शब्द म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दु-पाल किंचाळला, "साप! साप! अरे मारा!" बायकांनी तेच उचललं.

ते काठाच्या काळ्या दगडावर पडले. पाठ मोडली.

दु-पाल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ड्रॅगन झाला असता तर इथे देऊळ आलं असतं, वहिनी. देवळाचा डोह कोणी फोडू देतं का? साप मेला की इथे भात पिकतो." डोह माझ्या नावावर आहे हे तो विसरला होता.

आजोबा संध्याकाळपर्यंत होते. त्यांनी विचारलं, "पोरी, त्याला माहीत होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

"मग जाऊ दे. भ्यायला असेल बिचारा. त्याला काही म्हणू नको."

ती माफी माझ्या खोट्यावर मिळालेली आहे. ती मी या मृत्युपत्राने रद्द करते.

डोह आणि जागा हाम योंग-न्यो हिची. यापुढे दु-पालला तिथे पाऊल टाकायचं तर सुनेची परवानगी घ्यावी लागेल. "ए" म्हणून मागितली तर देऊ नये.

कलम ४. पतपेढीतली शिल्लक पाथरवटाला द्यावी. काळा दगड खाली आणून दु-पालच्या फाटकासमोर, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभा करावा. जागेची परवानगी मी काढून ठेवली आहे. त्यावर कोरावं: "यावर ड्रॅगन पडला. मेंग दु-पालने जाणूनबुजून त्याला साप म्हटलं." अक्षरं खोल असावीत, त्याच्या नातवंडांनाही वाचता येतील इतकी.

त्याच्याखाली तेवढ्याच खोल अक्षरांत कोरावं: "त्याला हे प्यो गान्नानने सांगितलं होतं." पाथरवट दयेने गाळायला बघेल. गाळू देऊ नये.

कलम ५. मला नवऱ्याशेजारीच पुरावं. डोहाजवळ नको. तिथे मला तोंड नाही.

ठिकाण: दोलगोल. दिनांक: १८ ऑक्टोबर १९८१.
प्यो गान्नान (सही व शिक्का)

साक्षीदार
१. थाक ह्योन-उ, शाळामास्तर. माझ्यासमोर लिहिलं. मध्ये दोनदा थांबल्या, पाणी प्यायल्या, एकही ओळ खोडली नाही.
२. ओ माल-ल्ये, मीठ विकणारी. त्या दिवशी मी निंदणीला होते. दु-पालच्या मागोमाग मीही ओरडले. खवले मला दिसले होते. तो ड्रॅगन होता. (अंगठा)