खांबामागची खुर्ची

एल्मडेल, सस्कॅचवान
९ नोव्हेंबर

प्रिय सोल्वेग,

तुझा गुडघा कसा आहे? इथे सगळं ठीक. बर्फ पडायला लागलंय, गाव कापसात गुंडाळल्यासारखं गप्प आहे. तू पाठवलेला टीव्ही लावून घेतला. भिंतीएवढा आहे मेला. त्यावर घोडा धावला की मी पाय वर घेते.

एवढा टीव्ही असताना थंडीत थिएटरात कशाला तडफडायचं, हे तुझं म्हणणं मलाही पटलं होतं. ऑर्विल गेल्यापासून मी तिकडे फिरकलेही नव्हते. पण घरी सिनेमा पुरा होत नाही गं. मध्येच थांबवते, कॉफी करते, खिडकीशी बर्फ बघत उभी राहते. पडद्यावरची बाई बिचारी तोंड उघडं टाकून माझी वाट बघत असते.

ऑर्विल होता तेव्हाही घरी तो त्याच्या खुर्चीत, मी सोफ्यावर, मध्ये कुत्रा. बोलायचा चार शब्द, तेही गव्हाबद्दल. थिएटरात मात्र दिवे गेले की त्याचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर यायचं. मी विचारायचे, झोपलास का? तो म्हणायचा, नाही. जन्मभराचा संसार मी तेवढ्यावर भागवला. तो गेल्यावर एकच मनाला लागून राहिलं, की या माणसाला मी खरंच आवडत होते का? फोनवर तुला हे कधी बोलले नाही.

थिएटर गावच चालवतं ना, परवा पॉपकॉर्न विकायची पाळी आमच्या चर्चच्या बायकांची होती, म्हणून जावंच लागलं. काम आटोपून मी माझ्या कडेच्या जागेवर बसले. शेजारची ऑर्विलची खुर्ची रिकामी. गावाने अजून तिथे कुणाला बसू दिलेलं नाही. दिवे मालवले आणि आमच्या चर्चमधली मार्लीन काठी टेकत आली.

"सरक पलीकडे. हा पाय वाकत नाही, मला कडेचीच जागा हवी."

मार्लीनपुढे कुणाचं चाललंय? सरकले ऑर्विलच्या खुर्चीत. बघते तर समोर बाल्कनीचा लोखंडी खांब. अर्धा पडदाच गायब. नायक बोलतोय, पण कुणाशी ते दिसेना. नीट दिसावं म्हणून कलले, तर डोकं थेट मार्लीनच्या खांद्यावर.

"झोपलीस का गं?"

हेच मी ऑर्विलला विचारायचे. म्हणजे ऑर्विल सिनेमा दिसावा म्हणून कलत होता. माझ्या जन्माची पुंजी त्या खांबाची निघाली. अंधारात मला रडूच फुटलं, आणि मार्लीनला सगळं सांगून टाकलं.

तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "अर्धा हॉल रिकामा असायचा. कितीदा म्हटलं त्याला, पुढे येऊन बसा दोघं. 'इथंच बरं आहे' म्हणायचा."

पुढे काय झालं सिनेमात, कोण जाणे. समुद्र होता बहुतेक. त्याचा निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर हलत होता आणि मी तशीच कललेली राहिले. मार्लीननेही खांदा काढून घेतला नाही.

टीव्हीवरून रुसू नकोस, बातम्यांना छान आहे. फक्त शुक्रवारी संध्याकाळी फोन करू नकोस. मी थिएटरात ऑर्विलच्या खुर्चीवर असेन.

इथंच बरी असलेली,
तुझी ताई
इंगा