तरवडाचं मूळ, वाळ्याचं मूळ

शके १६८९, भाद्रपद शुद्ध ५

काल सकाळी आंबील ओढ्यात कमरेइतका उतरून दोन मुळं धुतली! एक पुरात उपटलेल्या तरवडाचं, एक वाळ्याचं. श्रावणातल्या पुराने काठ खाल्ला. वडिलांनी बसवलेल्या देवीचा ओटा आता काठापासून जेमतेम पाच हात. काठ धरील असं काहीतरी हवं. बारा वर्षांपूर्वी मी तिथे तरवडाची रांग लावली होती — नवरात्रात देवीला पिवळी माळ घरचीच व्हावी म्हणून.

मूळ पाहतो तर एकच! मनगटाएवढं, दगड लागला तिथे वाकडं झालेलं. माती लगेच सुटली. आणि वाळ्याचं — केसांसारखी हजार मुळं, माझ्या छातीइतकी लांब, सरळ खाली गेलेली. तीनदा बुचकळलं तरी माती सोडीना! वास तर काय सांगावा! तुरा मात्र तांबूस, मरतुकडा. कोण बघतं त्याच्याकडे? इतकी वर्षं मी फूल बघून झाड लावलं!

शुद्ध ६

ठरलं. तरवड तोडायचा, तिथे वाळा लावायचा. शेजारच्या मळ्यातला सोनबा हसला, "गवतानं काठ राखतो व्हय?" मी मूळ त्याच्या हातात दिलं. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. तुटेना! "चिवट हाय," एवढंच म्हणाला.

बायको सोजर मात्र भाकरी थापता थापता — "आणि माळ कशाची?"

शुद्ध ८

देवीला कौल लावला. एका खांद्यावर तरवडाचं ओलं फूल चिकटवलं, दुसऱ्यावर वाळ्याचा तुरा. आधी पडेल ते काढायचं. तरवड पडला! तिन्ही वेळा! धावत जाऊन सोजरला सांगितलं.

"अहो, जड फूल आधी पडणारच. देवीला कशाला मध्ये घालता?"

लाज वाटली. हसूही आलं.

शुद्ध ९

कोयत्याला धार लावली. तरवड फुलांनी भरलाय. हात उचलेना.

शुद्ध ११

सोजरने विचारलं, "वाळा धरायला किती दिवस?"

"दोन पावसाळे."

"आणि परतीचा पाऊस थांबतोय होय तोवर?"

मला हे सुचलंच नव्हतं! मुळांतच गुंतलो होतो. पण बसवलेला देव जागचा हलवू नये, असं वडील बजावून गेलेत. दिवसभर कशात लक्ष नाही.

शुद्ध १४

काठावर तरवडाच्या मधून मधून वाळा लावला. झाड एकही तोडलं नाही. मग अंघोळ करून ओट्यापाशी गेलो, क्षमा मागितली आणि देवीला दोन्ही हातांनी उचललं.

ती आता आमच्या चुलीशेजारी आहे.