वळणावरची हाक

आगाशी, १९५२

आईंना हंसाचा नमस्कार.

तुमचा जयराम समुद्रातून परतला नाही, म्हणून दुसरं लग्न करताना मी मुद्दाम बागायतदार पाहिला. वाटलं, होडीची वाट बघणं संपलं. पण काल वारा सुटला, आणि केळी घेऊन बाजाराला गेलेल्या काशीरामसाठी मी, अर्नाळ्याला तुमच्या घरी उभी राहायचे तशीच, दारात उभी. अंधारात गाडी आली.

"काय गं, बैलगाडी बुडाली वाटलं?"

"वाटलं."

तो हसायचा थांबला. "उद्यापासून वळणावरूनच हाक मारीन."

तुम्ही अजून किनाऱ्यावर जाता असं ऐकते, म्हणून हे पत्र टाकायला हात धजत नाही. भीती माझ्यामागून इथंही आली, आई. पण आज त्यानं हाक मारली, आणि मी निवांत भात वाढायला घेतला.

अजूनही तुमचीच सून,
हंसा