बैलगाडी आडवी आली

मिस्त्री, आज सकाळी एक बागायतदार गाडी घेऊन आले आणि खाली उतरायच्या आधीच म्हणाले, गाडी एका बाजूला ओढते. मी हातातला पाना खाली ठेवला, माठातून पेला भरला आणि त्यांच्यापुढं धरला. ते जरा चमकले, पण प्याले. मग विचारलं, कुठं कुठं गेली होती गाडी? त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "काय सांगू बाप्पा, परवा तिवश्याजवळ बैलगाडी आडवी आली." तुम्ही असता तर मान फिरवून हसला असता. मला हसू आलं नाही. त्यांची गाडी दीड तासात सरळ करून दिली, टायरचीच भानगड होती, आणि ते गेल्यापासून मी या स्टुलावर बसून आहे. दुपारचे तीन वाजले. समोर दुसरी गाडी जॅकवर उभी आहे, तिचा मालक दोनदा डोकावून गेला. त्याला म्हटलं, उद्या या.

हे पत्र कुठं पाठवायचं याचा मला पत्ता नाही. पण लिहायचं राहून गेलेलं एक काम आहे, ते असं. अमरावतीच्या कॉलेजात इंटरला असताना मी एका मुलीच्या वहीत चिठ्ठी ठेवली. तिचा भाऊ होस्टेलवर आला, चार शब्द बोलला, आणि मी त्याच्या तोंडात मारली. प्राचार्यांनी बोलावून कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, माफी लिहून दे, विषय संपला. चार ओळींचं काम. मी कागद तसाच ठेवला, खोलीवर आलो, पेटी भरली आणि अकोल्याला मामाकडे निघून आलो. त्या वयात मला तो स्वाभिमान वाटला होता. मामानं महिनाभर तोंड पाहिलं आणि मग मूर्तिजापूर रस्त्यावरच्या तुमच्या टिनाच्या शेडमध्ये आणून सोडलं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पेला भरला आणि म्हणालात, "पानी पी पयले. मंग सांग, कालेजातून काहून पयाला?" मी गटागटा प्यालो आणि पेला परत पुढं केला. तुम्ही तो भरलात आणि हळूच म्हणालात, "घरी पान्याचं सांगू नोको. तुह्या मामीले जेवन नाई जाईन."

तेव्हा मला त्या पेल्याचं एवढं काही कळलं नव्हतं. पुढं रोज पाहून कळलं. गाडी कोणाचीही येवो, तुमचं पहिलं काम पाणी. लढाईच्या काळात मिलिटरीच्या वर्कशॉपात तुम्ही हे शिकला होता, की घाबरलेला ड्रायव्हर दोन घोट प्याला की खरं बोलायला लागतो. आणि छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्या पेल्याला आणखीही काही वजन आलं असावं. ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. काही जण पीत. काही जण पेला हातात धरून बोलत राहत आणि बोलता बोलता लिंबाच्या बुंध्याशी ओतून देत. तुम्हाला ते दिसायचं. त्याच माणसाला पुढच्या खेपेला तुम्ही पुन्हा पेला भरून द्यायचे. आणि पाणी पिऊनही जो बैलगाडीचीच गोष्ट सांगायचा, तो गेल्यावर तुम्ही मला म्हणायचे, "पुऱ्या वऱ्हाडात इतल्या बैलगाड्या नाईत रे बाबू, जितल्या माह्या गिऱ्हाइकायले आडव्या येतेत."

ओढणारी गाडी हा तुमचा आवडता रोग होता. माझी पहिली खरडपट्टीही त्यावरूनच निघाली. कोणाची तरी जीप आली, मी बोनेटही न उघडता म्हणालो, ब्रेक धरतो. तुम्ही मला आठवडाभर घासलेटात नटबोल्ट धुवायला बसवलं. "तुले राग येते तसंच निदान येते," तुम्ही म्हणालात, "एकदम." आठवड्यानं मग सांगितलं. रस्त्यावर गाडी तपासायची नाही, कारण डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, तिथं चांगली गाडीही डावीकडे जाते. म्हणून आपण गाडी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पटांगणात न्यायचो. कापसाचा हंगाम सरला की ते ताटलीसारखं सपाट पटांगण रिकामं पडायचं. तुम्ही गाडी सरळ सोडता, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवता आणि पुढं बघत बसता, जसं काही गाडीच तुम्हाला काही सांगणार आहे. मग क्रम ठरलेला. दोन्ही टायरांची हवा. तरी ओढते, तर पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावायचं. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली, तर थोडं पळवून ड्रमला हाताची उलटी बाजू लावायची. एक गरम, एक थंड, म्हणजे ब्रेक चिकटतो. तेही नाही, तर शेवटी ती दोरी. सुताची दोरी, गिरणीतल्या लाकडी बॉबिनवर गुंडाळलेली. मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. जी बाजू आखूड भरते, गाडी त्या बाजूला ओढते. चार महिन्यांनी तुम्ही पहिल्यांदा ती दोरी माझ्या हातात दिली. मला इंटरच्या परीक्षेपेक्षा ते मोठं वाटलं होतं.

आता वकीलसाहेबांची गाडी. काळी, जुनी, विलायती, पुढंही स्प्रिंगचे पाटे असलेली. तिचे ब्रेक तुम्ही नवे भरले होते. साहेबांचे साडू सरकारी ब्लॉक ऑफिसात मोठ्या जागेवर होते, आणि काम पसंत पडलं तर ब्लॉकच्या दोन्ही जीपा तुमच्याकडे लावून देतो असं साहेब बोलले होते. शनिवारी पटांगणात तुम्ही हात सोडून पाहिलं, गाडी नाकासमोर गेली. रविवारी तुम्हाला बाळापूरला लेकीकडे जायचं होतं. किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणालात, "धुऊन ठेवजो. सोमवारी साहेब येतीन."

मी ती धुतली. आणि धुतल्यावर ती इतकी चमकायला लागली, की मी अंघोळ केली, मामाचा धुतलेला सदरा घातला आणि गाडी अमरावतीच्या रस्त्याला लावली. सहा महिन्यांत ती मुलगी माझ्या डोक्यातून एक दिवस गेली नव्हती. एवढंच पाहिजे होतं, की तिनं मला त्या गाडीतून उतरताना बघावं. ती भावाच्या घरासमोर बाजेवर कुरड्या वाळत घालत होती. मी दार जोरात लावलं. तिनं वर पाहिलं.

"कोनाची गाडी?"

"माही."

"तुही?" तिनं हातातली कुरडई तशीच धरली. "मंग नखायत काळं कायचं हाय?"

मी हात मागं घेतले. ती पुन्हा बाजेकडे वळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या लग्नाची तारीख निंघाली. आता या गल्लीत नोको येऊ. अन् दादाले दिसला तं तो तुले सोडनार नाई." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परत येताना मूर्तिजापूर सोडल्यावर एका मोरीजवळ बैलगाडी आडवी आली. मी गाडी डावीकडे घेतली, पुढचं डावं चाक मोरीच्या फुटक्या कडेत गेलं, गाडी उचलली गेली आणि खाली काहीतरी टचकन वाजलं. उतरून पाहिलं तर वरून काहीच दिसेना. पण तिथून अकोल्यापर्यंत स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागलं. ऊन उतरायच्या आत मी गाडी पुन्हा धुतली आणि होती तिथं, होती तशी उभी केली. मीटर आधीपासूनच बंद होतं. मला वाटलं, निभावलं.

सोमवारी साहेब गाडी घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. "मिस्त्री, ब्रेक भरायला दिले होते, गाडी बिघडवायला नाही. हात सोडला की खंदकात चालली." तुम्ही पेला पुढं केला, साहेबांनी नेहमीसारखं हातानंच नाही म्हटलं. तुम्ही विचारलं, ब्रेक दाबल्यावर वढते का नुसतीच? नुसतीच, ते म्हणाले. या एका उत्तरावर तुम्ही दुसऱ्या कोणाच्याही गाडीचे ब्रेक सोडून पुढं गेला असता. पण हे ब्रेक तुमच्या हातचे होते, म्हणून तुम्ही आधी स्वतःवरच संशय घेतला. चारही ड्रम उघडले. नवे भरलेले ब्रेक परत काढले, परत बसवले. मी शेजारी टॉर्च धरून बसलेलो. दोन दिवस. मंगळवारी दिवस मावळताना तुम्ही पायरीवर टेकलात, दोन्ही हात उघडून त्यांच्याकडे बघत म्हणालात, "माह्या हातात फरक पडला असन. डोये बी कमी झाले." मिस्त्री, त्यावर मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "असन."

बुधवारी सकाळी साहेब येऊन खुर्ची टाकून बसले, आज माझ्यासमोर काय ते करा म्हणाले. तुम्ही दोरी काढली. डावी बाजू दीड बोट आखूड भरली. तुम्ही गाडीखाली सरकलात. डाव्या पाट्याला आसाशी जखडून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता, त्यानं आस त्या बाजूनं मागं सरकला होता. बोल्टाचा तुकडा तुमच्या मुठीत होता, पण तुम्ही उठून उभे राहिलात तेव्हा बोटांच्या फटीतून मला तुटलेली जागा दिसली. पांढरी, चकचकीत. जुनी तूट काळी पडते, गंजते, हे तुम्हीच शिकवलं होतं. ही दोन-तीन दिवसांची होती, आणि ते दोन-तीन दिवस गाडी तुमच्या शेडमध्ये होती, आणि किल्ली माझ्या खिशात.

तुम्ही हात पुसले. माठाजवळ गेलात, पेला भरलात आणि साहेबांना ओलांडून माझ्याकडे आलात. "घे," तुम्ही म्हणालात. "पानी पी. मंग सांग."

मी म्हणालो, "मले तहान नाही."

तुम्ही पेला धरून उभे. मे महिन्यातलं अकोला, सकाळी दहालाच टिनाचं शेड भाजत होतं. आणि साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. "अरे मिस्त्री, पोरगा चांगल्या घरचा आहे. दीक्षा घेतली म्हणून काय सगळ्यांनी तुझ्या हातचं प्यायचं?"

सहा महिने त्याच पेल्यानं मी पाणी पीत होतो. एक वाक्य पुरलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, तसं नाही, गाडी मी नेली होती. पण साहेबांनी लावलेला अर्थ मला सोयीचा पडला, मिस्त्री. माझी चोरी त्याच्या मागं लपत होती. मी खाली बघत उभा राहिलो आणि तुमचा अपमान माझ्या अंगावरून पुढं जाऊ दिला. तुम्ही ते पाणी स्वतःच प्यालात, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. पेला माठावर पालथा ठेवलात. तुकडा खिशात टाकलात आणि साहेबांना म्हणालात, "मधला बोल्ट तुटला व्हता, साहेब. माह्या ध्यानात नाई आला. चूक माही."

ब्लॉकच्या जीपा दुसरीकडे गेल्या. साहेबांनी ही गोष्ट बाररूममध्ये रंगवून सांगितली असणार, कारण नंतर मोटारी येणंच कमी झालं. मी आणखी आठ दिवस राहिलो. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मी मात्र माठाकडे जायचं सोडलं. तहान लागली की मामाच्या घरी जाऊन यायचो. बाहेरून ते कसं दिसत होतं, हे मला कळत होतं. नवव्या दिवशी पेटी घेऊन मोटारस्टँडवर उभा होतो, तर तुम्ही सायकलवर आलात. खिशातून बॉबिन काढलंत, माझ्या हातात ठेवलंत. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "तहान लागंन तवा येजो." आणि सायकल वळवलीत.

पुढं ऐकलं की तुम्ही शेड सोडलं आणि विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला सायकलवर खेडोपाडी फिरायला लागलात. त्या काळात मी अकोल्यावरून कितीतरी वेळा गेलो. गाडी मूर्तिजापूर रस्त्यावरून आत शिरायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसायचो. तुम्ही वारल्याचं मला वर्षभरानं एका ट्रकवाल्यानं सांगितलं. मोर्शीत माझं दुकान तेव्हा नुकतंच लागलं होतं. तुमची दोरी त्याच दिवशी एका गाडीला लावली होती.

तुम्हाला तो पेला कसा लागला, हे मला अजून कळलेलं नाही. चोर पकडला गेल्यामुळं पाणी नाकारतो आहे, हे तुम्हाला त्या पांढऱ्या तुटीवरून दिसलंच असेल. पण तरीही कुठंतरी वाटलं असेल का, की हा पोरगा एकटा असताना पितो आणि चारचौघांत पीत नाही? स्टँडवरच्या तुमच्या वाक्याचा मी तीस वेळा अर्थ लावला आहे. प्रत्येक वेळी मला हवा तसा लागतो, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही.

हा कागद बॉबिनच्या डब्यात ठेवतो. त्याआधी वरचं एकदा वाचून पाहिलं, आणि एक ओळ खोटी निघाली. इतकी वर्षं बायकोला, पोरांना, हाताखालच्या माणसांना सांगत आलो, तशीच हाताच्या सवयीनं इथंही उतरली. बैलगाडी नव्हती, मिस्त्री. मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता दूरपर्यंत रिकामा होता. मी रागात होतो, आणि तुमच्यासारखे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले होते, होईल ते होऊ दे म्हणून. तुमची गाडी सरळच चालली होती. कडेला उतरत्या त्या रस्त्यावरही बराच वेळ सरळ चालली. मोरी दिसली तरी मी हात खाली घेतले नाहीत.

तुमच्या क्रमानं आधी पाणी होतं. माझं आधी सांगून झालं. आता उठतो, माठाकडे जातो.