साहेबांनी सोडलेली सिगारेट

जुईनगर

प्रिय रफीकभाई,

शोकपत्र घरच्यांना लिहायचं असतं, असं शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. तसं शबानाभाभींना लिहिलंही. पण मला बोलायचंय ते तुमच्याशी.

काल सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्ही घरी आणून दिलेल्या इन्सुलिनबद्दल किती जण बोलले! माझी पाळी आली तेव्हा "फार चांगले होते" एवढंच म्हणाले आणि रडत खाली बसले. परतताना यांनी विचारलं, "केमिस्टसाठी एवढं रडायला काय झालं तुला?"

तो पहिला दिवस आठवतो? दुकान रिकामं बघून मी हळूच म्हटलं होतं, "आमच्या साहेबांना सिगारेट सोडायचीय."

"दिवसाला किती?"

"चार-पाच."

"उठल्यावर पहिली कधी ओढतात?"

मी गडबडले. "विचारून सांगते."

सिगारेट माझी होती. फोर्टच्या ऑफिसात स्टेनो असताना लागलेली, तीस वर्षं लपवलेली. सायनसमुळे यांना वास म्हणून येत नाही. हे फिरायला निघाले की मी बाल्कनीत. पानवाल्याकडेही यांच्याच नावावर घ्यायची. बिचारे!

तुम्ही निकोटीनचं गम दिलंत. दोन दिवसांत मी तक्रार घेऊन हजर. "त्यांना उचक्या लागतात हो."

"बबलगमसारखं चावत सुटले असतील साहेब," तुम्ही हसलात. "हळू चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. आणि वरून चहा नाय हां."

"चहा नाही सुटायचा त्यांचा."

"मग आधी चहा. पंधरा मिनिटांनी गम."

दर आठवड्याला विचारायचात, "साहेब काय म्हणतात?" मी साहेबांची चिडचिड सांगायचे, तलफ सांगायचे. स्वतःबद्दल इतकं खरं मी कुणाशीच बोलले नव्हते.

दीड महिन्यानं माझी बहीण गेली, आणि मी एक ओढली. दोन दिवस तुमच्या दुकानावरून मान खाली घालून गेले. तिसऱ्या दिवशी तुम्हीच हाक मारलीत, "वहिनी, साहेब बरे हायत ना?"

"त्यांनी एक ओढली."

"ओढू दे. एकीनं सगळं फुकट जात नाय. आजपासून परत सुरू करा म्हणावं. आणि वहिनी, त्यांना ओरडू नका. लय लांब आलेत ते."

त्या दिवसापर्यंत मी स्वतःला किती ओरडत होते, ते घरी आल्यावर कळलं. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

पण तुम्हाला ठाऊक होतं ना हो? यांच्या बीपीच्या गोळ्या तुमच्याकडच्या, नाकाचा स्प्रे तुमच्याकडचा. दर महिन्याला हे तुमच्यासमोर उभे राहून सिगारेट ओढणाऱ्यांना नावं ठेवायचे. तुम्ही एका शब्दानं यांना कधी विचारलं नाहीत. मला तरी एकदा म्हणायचं होतंत, "वहिनी, पुरे आता नाटक." शेवटी मी काय बोलले? "साहेबांनी थँक्यू सांगितलंय." माझं तसंच राहून गेलं.

थँक्यू, रफीकभाई.

आता चहा ठेवते आणि यांना समोर बसवून सगळं सांगते. ऐन म्हातारपणी रुसतील, चार दिवस बोलणार नाहीत. पण काल मी कुणासाठी रडले, हे यांना आज कळेल. शब्द देते.

तुमची पेशंट,
शैला