सात नंबरच्या खोलीतला कम्फर्टर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण सध्या वाकता येत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घे. मी इकडे ठणठणीत आहे. (पोटाच्या खाली उजवीकडे लिंबाएवढी गाठ आली आहे, पण ती काही पत्रात लिहिण्यासारखी नाही.) तुझे डोळे कसे आहेत? मोतीबिंदू पिकेपर्यंत माझी पत्रं भावोजीच तुला वाचून दाखवणार हे ओघानं आलंच, फक्त स्वतःबद्दलची वाक्यं ते गाळतात असा मला दाट संशय आहे. मागच्या पत्रात त्यांच्या घोरण्यावर मी अख्खं पान लिहिलं होतं आणि तुझ्या उत्तरात त्याचं नावही नाही. या वेळी गाळलं तर मला कळेल. कसं कळेल ते सांगत नाही.

तर माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि त्याला एक इंग्रजी शब्द कारण झाला. आमच्या हॉस्पिटलात नवीन मेट्रनबाई आल्या आहेत. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या स्टोअरच्या दारात उभ्या राहिल्या, मी खुर्चीतून कसा उठतो ते बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही इथे कम्फर्टेबल आहात ना?’ ताई, सव्वीस वर्षं मी या चादरी, उशा आणि बेडपॅनच्या राज्यात बसलो आहे, पण असं मला कोणी विचारलं नव्हतं. मांजर उंदराची विचारपूस करायला लागलं की उंदरानं काय समजायचं? पुढे रोज तेच. मी रोज ‘हो’ म्हणायचो आणि त्यांच्यादेखत ब्लँकेटचा एखादा गठ्ठा उचलून दाखवायचो, म्हणजे म्हातारा झाला म्हणून काढायला नको. (गाठ त्याआधी सुपारीएवढीच होती.) आमच्या लिफ्टमनला सगळं ठाऊक असतं, कारण लोक लिफ्टमध्ये त्याला माणूस धरत नाहीत. त्यानं फोड करून सांगितलं की कम म्हणजे कमी आणि फोर्ट म्हणजे किल्ला. किल्ल्यावरची माणसं कमी करणार, आणि सुरुवात स्टोअरपासून. मला ते तंतोतंत पटलं.

मग सोमवारी मेट्रनबाईंची चिठ्ठी आली. ‘कम्फर्टर, खोली नंबर सात, ताबडतोब.’ माझ्या यादीत असली वस्तू नाही. मी ओळखलं, ही परीक्षा आहे. विचारायला जावं तर अडाणी ठरणार, म्हणून मला नोकरी लागली तेव्हा भावोजींनी दिलेली डिक्शनरी काढली. (पहिल्या पानावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव खोडलेलं आहे. त्यावर मी आजवर एक अक्षर बोललेलो नाही.) त्यात तीन अर्थ. एक, धीर देणारा माणूस. दोन, लोकरीचा मफलर. तीन, तान्ह्या बाळाची चोखणी. पहिला अर्थ स्टोअरमध्ये ठेवत नाहीत, म्हणून मी माझा स्वतःचा मफलर वर पाठवला. ‘हा नव्हे’ अशा शेऱ्यासह तो परत आला. मग उरलं काय? बाळंतिणींच्या वॉर्डातून एक नवी चोखणी आणली, उकळली, स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून वर पांढरं फडकं झाकलं आणि सातमध्ये पोचती केली.

सातमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पाचव्या मिनिटाला मला वर बोलावणं आलं. मी राजीनामा लिहून खिशात घातला (काढलं म्हणण्यापेक्षा सोडलं म्हटलेलं बरं) आणि गेलो. बाईंच्या पुढ्यात पाण्याच्या जगशेजारी चोखणी ठेवलेली. ‘बसा’ म्हणाल्या. मी कुशीला हात लावून हळूच बसलो, तेही त्यांनी बघितलं. मग मला डिक्शनरीबद्दल सगळं कबूल करावं लागलं. मला वाटलं, आता बाकावर उभं करणार, पण त्या शिकवायलाच लागल्या. म्हणाल्या, शब्द लॅटिन आहे. त्यातलं फोर्टिस म्हणजे बळकट, आणि कम म्हणजे कमी नव्हे, उलट अगदी पुरतं. आधी त्याचा अर्थ होता खचलेल्या माणसाला बळ देणं, गाद्या आणि सोफे त्यात मागाहून शिरले. आपण धीर देणं म्हणतो ना, तेच ते. आणि कम्फर्टर म्हणजे जाड रजई, हा चौथा अर्थ भावोजींच्या डिक्शनरीपर्यंत पोचलेलाच नाही. बाईंना एसीचा गारठा सोसत नव्हता, एवढंच.

मी रजई आणायला उठलो, तर त्या चोखणीकडे बघत म्हणाल्या, ‘उद्या सकाळी ऑपरेशन आहे. मुलगी परदेशात. रजई काय, तासाभरानं आली तरी चालेल.’ मी पुन्हा बसलो. मेट्रनबाईंनी माझ्या पोटातलं काढून घ्यायला यांना नेमलं असावं असा संशय होताच, म्हणून हॉस्पिटलबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन तास फक्त भावोजींच्या घोरण्याबद्दल बोललो. त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली. ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला की पहिला अर्थही स्टोअरमध्ये मिळतो, यादीत चढवा.

मग मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. काय झालं ते लिहीत बसत नाही. नोकरी शाबूत आहे. काळजी करू नकोस.

तुझा भाऊ

ता. क. भावोजींची डिक्शनरी परत न्यायला कोणाला तरी पाठव. पोस्टाचा मला भरवसा नाही.

आणखी एक ता. क. भावोजी, वरचं कंसातलं तुम्ही गाळलं असेलच, आता इथून पुढचंही ताईला वाचून दाखवू नका. गाळण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, म्हणून तर इथे लिहितो आहे. मी राजीनामा पुढे केला, तो मेट्रनबाईंनी न वाचताच उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सर्जनची वेळ लिहून दिली. पहिल्या दिवसापासून त्या माझं चालणं बघत होत्या. हर्निया आहे. त्यांना मला नाही, गाठ काढायची होती. येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते, आणि ही गेल्यापासून माझ्या घरात सही करणारं कोणी नाही. ताईला कळलं तर ती डोळे तसेच घेऊन निघेल. तिला सांगा, डिक्शनरी आणायला जातो. बुधवारी संध्याकाळपर्यंत या. मला भीती वाटते आहे, भावोजी. मफलर माझ्याकडे आहे, रजई आहे, चोखणीही परत आली आहे. पहिला अर्थ तेवढा घेऊन या. रात्री शेजारच्या खाटेवर झोपावं लागेल. घोरलात तरी चालेल.